गुळगुळीत रंगाखालचं ड्रॉइंग

गेल्या अंकात या सदरात अलेक्झांद्र काबानेलच्या ‘व्हीनसचा जन्म’ या चित्राबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. कुणी चिडून लिहिलं, कुणी प्रेमानं. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच अकादमिक (म्हणजे अकादमी या सरकारमान्य कलासंस्थेच्या शिस्तीतल्या) चित्रकलेबद्दलचे हे प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत, की यावेळी सगळं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : ताई, मी कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. बुगरो, काबानेल, जेरोम यांची चित्रं मला मनापासून आवडतात. वर्गात असं म्हटलं की सगळे हसतात. “नुसता गुळगुळीतपणा, आत काही नाही,” असं ऐकवतात. माझी आवड चुकते आहे का?

उत्तर : आवडण्यात चूक कसली? मात्र नेमकं काय आवडतं, हे तुला सांगता यायला हवं. हसणाऱ्यांनाही मी हेच विचारीन, कारण ज्या गुळगुळीतपणाला ते नावं ठेवतात त्याला अकादमीनं स्वतः कधीच पहिला मान दिला नव्हता. पहिला मान कॉम्पोझिशनला होता. गोष्टीतला कोणता क्षण निवडायचा, माणसं कुठे उभी करायची, नजर कुठून कुठे न्यायची. त्याच्या पाठोपाठ ड्रॉइंग. रंग नंतर. पृष्ठभाग घोटून साफ करणं तर सगळ्यांत शेवटी.

हे माझं मत म्हणून सांगत नाही, ‘प्री द रोम’ या स्पर्धेच्या नियमांतच ते दिसतं. फ्रेंच सरकारचं हे सर्वांत मोठं कला-पारितोषिक. भाग घ्यायचा तर फ्रेंच नागरिक, पुरुष, अविवाहित आणि तिशीच्या आतला असावं लागे. आधी दिलेल्या विषयावर छोटं रंगीत स्केच, मग मॉडेलवरून रंगवलेली नग्नाकृती, आणि यातून निवडलेले दहाजण शेवटच्या फेरीला. त्या दहाजणांना एकच विषय मिळे, बायबलमधला किंवा ग्रीक-रोमन इतिहास-पुराणातला. त्यावर प्रत्येकानं पहिल्यांदा कॉम्पोझिशनचं स्केच करून द्यायचं. त्यानंतर वेगवेगळ्या बंद खोल्यांत बसून ७२ दिवसांत मोठा कॅनव्हास पुरा करायचा. पण स्केचमध्ये जे ठरलं त्यापासून फारसं हलायचं नाही. हललात तर बाद. आता विचार कर, ७२ दिवस रंगवण्यासाठी आणि त्या सगळ्याचा पाया मात्र सुरुवातीच्या स्केचमध्ये पक्का. परीक्षकांना खरं काय पाहायचं होतं ते यावरून कळतं.

विल्यम बुगरोला हे पारितोषिक १८५० साली मिळालं. त्या वर्षी पॉल बोद्रीलाही मिळालं. विषय होता, आराक्सेस नदीच्या काठी धनगरांना सापडलेली राणी झेनोबिया. पण त्या वर्षीचा बुगरो मला दिसतो तो दुसऱ्याच चित्रात. ‘दान्ते आणि व्हर्जिल’ (दान्तेच्या महाकाव्यात जुना कवी व्हर्जिल त्याला नरक दाखवतो, तो प्रसंग), सुमारे २.८ मीटर उंच. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा गुळगुळीतपणा हा शब्दही मनात आला नाही. नरकात दोन शापित पुरुष झटापट करताहेत. जियानी स्किक्की (मेलेल्या माणसाचं सोंग घेऊन वारसा लाटणारा) दुसऱ्याच्या पाठीत गुडघा रोवून त्याच्या गळ्याला चावतो आहे. खालच्या माणसाचं धड मागे ताणलं गेलं आहे, त्यामुळे बरगड्यांवर कातडी घट्ट झाली आहे, आणि त्याच घट्ट कातडीत हल्लेखोराची बोटं रुतली आहेत. बोटांच्या कडेनं मांस वर आलेलं पाहा. आणि रंगवणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा! शरीर आतून कसं चालतं हे ज्याला पाठ आहे त्यालाच ही पिळवटलेली अंगं अशी बेधडक उभी करता येतात. दान्ते आणि व्हर्जिल मागे अंधुक उजेडात, पाठीमागे हाताची घडी घालून तरंगणारा राक्षस. सगळा उजेड त्या दोन देहांवर टाकण्याचा निर्णय आधी झाला आहे, रंग त्याच्या मागून आले आहेत.

आता त्याच संग्रहालयातला काबानेलचा व्हीनस घे. देह सुरेख आहे, हात कपाळावरून अर्धवट डोळ्यांवर आलेला, वर शंख फुंकणारी बाळं. पण ती लाटेवर पडली आहे की पलंगावर? पाणी तिच्या वजनानं दबत नाही, तिला वरही उचलत नाही. घोटकाम अप्रतिम, कॉम्पोझिशन पोकळ. कादंबरीकार एमिल झोलानं त्या व्हीनसला गुलाबी-पांढऱ्या बदामाच्या मिठाईची उपमा दिली होती, आणि तिथे मी झोलाच्या बाजूनं आहे.

तेव्हा वर्गातल्यांशी वाद घालायचा असेल तर ही दोन चित्रं शेजारी ठेव. दोन्ही अकादमिक. अकादमीनं ज्या गोष्टी वरच्या मानल्या त्याच निकषांवर एक उभं राहतं आणि दुसरं पडतं. बाहेरचा निकष आणायची गरजच नाही.

प्रश्न : पण मग ब्रशचे फटकारे पुसून टाकायचा एवढा अट्टहास का? चित्रकाराचा हात दिसला तर बिघडतं काय?

उत्तर : त्यांचं म्हणणं असं, की बघणाऱ्याला झेनोबिया दिसावी, चित्रकार दिसू नये. फटकारा दिसला की लक्ष गोष्टीवरून रंगाकडे जातं. हा विचार मला आजही खोटा वाटत नाही, तो एका प्रकारच्या चित्राला योग्य आहे.

गडबड झाली ती सालोंमध्ये. सालों म्हणजे पॅरिसमधलं सरकारी मोठं प्रदर्शन. हजारो चित्रं, फ्रेमला फ्रेम लावून छतापर्यंत टांगलेली, आणि खालून लोंढ्यानं जाणारी माणसं. चित्र विकत घेणाऱ्या नव्या श्रीमंतांना कॉम्पोझिशन वाचता येत नव्हतं. पण कामाला किती तास लागले असतील ते घोटीव पृष्ठभागावरून लगेच कळे. मग जे शेवटचं काम होतं तेच मालाची खूण झालं. १८७० नंतरच्या बुगरोच्या कितीतरी शेतकरी मुली याच मागणीपोटी आल्या: स्वच्छ पाय, ओलसर डोळे, आणि गोष्ट काहीच नाही. चित्रकार एदगार दगा आणि त्याच्या मित्रांनी अशा घोटीव चित्रांसाठी बुगरोच्या नावावरूनच एक टिंगलीचा शब्द बनवला. तो शब्द चिकटला, आणि त्याबरोबर ‘दान्ते आणि व्हर्जिल’ही झाकलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : ही मंडळी शिकायची कशी? मी स्वतः हौशी चित्रकार आहे, म्हणून तपशील हवा आहे.

उत्तर : तपशिलातच मजा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आधी छापील चित्रांवरून नक्कल. नाक, कान, पाऊल, मग संपूर्ण डोकं. चार्ल्स बार्ग यानं जेरोमबरोबर तयार केलेला ड्रॉइंगचा कोर्स १८६० च्या दशकाच्या शेवटापासून गूपिल कंपनीनं छापला. त्यातली पानं पाहिलीत तर पद्धत एका नजरेत कळते. आधी सरळ रेषांत ढोबळ बाह्याकार, मग छायेची कड ठरवून सगळी छाया एका सपाट टोनमध्ये (उजेड-अंधाराच्या एकाच छटेत), आणि सगळ्यांत शेवटी मधले टोन. व्हॅन गॉगनं ही पानं एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा उतरवून काढली होती. ज्यांना वाटतं की ही पद्धत माणसाचा हात मारून टाकते, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नंतर प्लास्टरचे पुतळे. प्लास्टर का? ते हलत नाही, आणि त्याला रंग नाही, त्यामुळे उजेड-सावलीखेरीज दुसरं काही शिकण्याची सोयच नाही. त्यानंतर जिवंत मॉडेल. स्टुडिओत एक पोझ आठवडाभर चाले, आणि गुरू आठवड्यातून दोनदा येऊन प्रत्येकाच्या पाटीसमोर थांबून दुरुस्त्या करत.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ‘एकोल दे बोझार’ या सरकारी कलाशाळेत १८६३ पर्यंत चित्रकाराला रंगवायला शिकवतच नसत. तिथे फक्त ड्रॉइंग. रंगकाम शिकायचं तर एखाद्या उस्तादाच्या खाजगी स्टुडिओत जायचं. १८६३ च्या सरकारी फर्मानानंतर शाळेतच रंगकामाचे वर्ग निघाले आणि ते जेरोम, काबानेल आणि पिल्स यांच्याकडे सोपवले गेले. चित्रकार अँग्रचं एक वाक्य त्या काळी सगळ्यांच्या तोंडी होतं: ड्रॉइंग म्हणजे कलेतली सचोटी. शाळेचा कारभार त्याच वाक्यावर चालला होता म्हणा ना.

पण सचोटी म्हणजे हुबेहूब नक्कल, असा अर्थ घेऊ नका. अँग्रचीच १८१४ ची ‘ग्रांद ओदालीस्क’ लूव्रमध्ये आहे. तिची पाठ इतकी लांब आहे, की टीकाकारांनी मणके जास्त झाल्याची तक्रार केली. मणके मोजता त्यालाही आले असते. त्याला खांद्यापासून कमरेपर्यंत न तुटणारी एक रेषा हवी होती, आणि त्या रेषेसाठी त्यानं शरीरशास्त्र वाकवलं. निसर्ग नीट शिकायचा आणि मग त्यातून निवड करायची, हे त्या शाळेचं मूळ धोरण. फोटोसारखं काढणं हे त्यांचं ध्येय कधीच नव्हतं.

मोठं चित्र कसं उभं राहायचं ते बुगरोच्या पद्धतीवरून सांगते. पेन्सिलीची झटपट टिपणं, त्यातून एक छोटं रंगीत स्केच, मग प्रत्येक आकृतीची, कपड्याच्या घडीची, झाडपाल्याची वेगळी स्टडी (अभ्यासचित्र), मग पूर्ण आकाराचं ड्रॉइंग, ते कॅनव्हासवर उतरवणं, त्यावर पातळ अंडरपेंटिंग (रंगाचा खालचा पहिला थर), आणि मग शेवटचा रंग. सावल्या पातळ आणि पारदर्शक, उजेड जाड. खरी कसोटी या दोघांमधल्या अर्ध्या टोनांची. गाल उजेडाकडून सावलीकडे वळतो तिथे रंग किंचित थंड होतो. ती जागा कोरडी गेली तर चेहरा लाकडी, आणि जास्त मिसळली तर मेणाचा.

तुम्ही हौशी आहात म्हणून मुद्दाम सांगते, या चित्रकारांची छोटी रंगीत स्केचेस आणि स्टडीज शोधा. काबानेलसारख्याच्याही हातात तिथे जोर आणि वेग आहे. फटकारे उघडे आहेत, कारण ते काम लोकांसाठी नव्हतं. माझ्या मते या परंपरेतलं अर्धं उत्तम काम तिथेच आहे.

प्रश्न : निसर्गचित्रं आणि वस्तुचित्रं हलकी का मानली गेली? चांगला रंगवलेला पीच हा वाईट रंगवलेल्या सीझरपेक्षा कमी कसा?

उत्तर : कमी नाहीच. इथे मी अकादमीच्या विरोधात आहे, पूर्णपणे.

ही उतरंड १६६७ मध्ये आंद्रे फेलिबियाँनं मांडली. वर इतिहास आणि पुराणातले प्रसंग, मग व्यक्तिचित्र, मग रोजच्या जगण्यातले प्रसंग, निसर्गचित्र, आणि तळाला वस्तुचित्र. विचार असा, की माणूस सर्वांत थोर निर्मिती, आणि माणसाचं थोर कृत्य त्याहून थोर. जिवंत माणसं एकत्र रचणं सर्वांत अवघड, म्हणून ते वर. अवघडपणाचा मुद्दा खरा आहे, पण थोरवी विषयातून आपोआप चित्रात उतरते हे खरं नाही. या समजुतीपायी कित्येक चांगल्या चित्रकारांनी टोगा (रोमन झगा) घातलेली, पण आतून मेलेली माणसं रंगवली. १८१७ मध्ये प्री द रोममध्ये निसर्गचित्राचा विभाग सुरू झाला खरा, पण तो ‘ऐतिहासिक’ निसर्गचित्राचा, म्हणजे झाडाखाली पुराणातलं कुणीतरी हवंच. १८६३ मध्ये तोही बंद केला.

तरीपण वरच्या पायरीवरचं चित्र जमलं की कसं होतं, त्यासाठी जेरोमचं ‘सीझरचा मृत्यू’ पाहा. ते बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे. खून होऊन गेला आहे. प्रेत डावीकडे खाली, सावलीत, सहज नजरेतून सुटेल असं. मध्ये रिकाम्या फरशीचा मोठा पट्टा. मारेकरी तलवारी उंचावून मागच्या बाजूला निघून चालले आहेत. सत्तेची जागा रिकामी झाली हे त्यानं फरशी रिकामी ठेवून सांगितलं. हाच जेरोम तरुणपणी प्री द रोममध्ये मागे पडला होता, आकृतीचं ड्रॉइंग कच्चं म्हणून. त्यानं ते मनावर घेतलं आणि ‘कोंबड्यांची झुंज’ रंगवलं, त्यात जवळजवळ जिवंत आकाराच्या दोन नग्न आकृती. १८४७ च्या सालोंमध्ये त्याला त्यावर पदक मिळालं.

प्रश्न : एदुआर माने हा चित्रकार आणि इम्प्रेशनिस्ट (मोने, रन्वार वगैरे, उघड्या फटकाऱ्यांनी उजेड रंगवणारे) यांना या अकादमीवाल्यांनी छळलं असं आपण वाचतो. ते खरं की दंतकथा?

उत्तर : दोन्हीचं मिश्रण आहे. १८६३ च्या सालोंच्या परीक्षकांनी इतकी चित्रं नाकारली, की ओरड झाली. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन यानं नाकारलेल्या चित्रांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं, आणि त्यात मानेच्या ‘गवतावरच्या जेवणा’ला लोक हसले. त्याच वर्षी सालोंमधला काबानेलचा व्हीनस सम्राटानं स्वतः विकत घेतला. नग्न बाई दोन्हीकडे. एक लाटेवर निजलेली देवी होती म्हणून चालली, दुसरी कपडे घातलेल्या पुरुषांशेजारी बसून सरळ आपल्याकडे बघते म्हणून चालली नाही. हा दुटप्पीपणा होता, त्याला दुसरं नाव नाही.

पण मानेनं सालोंकडे कधी पाठ फिरवली नाही. सहाएक वर्षं तो तोमा कुत्यूरच्या स्टुडिओत शिकला होता. इम्प्रेशनिस्टांच्या प्रदर्शनात त्यानं एकदाही चित्र लावलं नाही. त्याची ‘ऑलिम्पिया’ १८६५ च्या सालोंनं स्वीकारली होती, आणि १८८१ मध्ये त्याला तिथे पदकही मिळालं. मोने, रन्वार, सिसले आणि बाझिय एकमेकांना भेटले तेही शार्ल ग्लेरच्या स्टुडिओत, म्हणजे त्याच व्यवस्थेच्या एका खोलीत.

जेरोमला मात्र मी माफ करत नाही. १८९४ मध्ये चित्रकार आणि संग्राहक कायबोत वारला आणि त्यानं जमवलेली इम्प्रेशनिस्टांची चित्रं मृत्युपत्रानं सरकारला दिली. तेव्हा ती स्वीकारू नयेत म्हणून जेरोमनं जाहीर आकांडतांडव केलं. ज्याला रिकाम्या फरशीचं मोल कळत होतं त्याला मोनेचं पाणी दिसू नये, हे मला फार लागतं.

प्रश्न : या सगळ्यात बायका कुठे होत्या?

उत्तर : एकोलच्या दाराबाहेर, १८९७ पर्यंत. नग्न मॉडेलवरून अभ्यास नाही, म्हणजे इतिहासचित्र नाही, म्हणजे वरची पायरी नाही. सगळी उतरंड एका कुलपानं बंद. रोडोल्फ ज्युलियाँनं १८६८ मध्ये काढलेल्या खाजगी अकादमीत त्यांना प्रवेश होता, फी पुरुषांपेक्षा जास्त घेऊन. बुगरो तिथे शिकवत असे. त्याची शिष्या आणि पुढे पत्नी झालेली एलिझाबेथ गार्डनर ही सालोंमध्ये पदक मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री, १८८७ साली.

आणि प्राणी रंगवणारी रोझा बोन्हर. ती वडिलांकडे शिकली. पॅरिसच्या घोडेबाजारात स्केच करायला जाता यावं म्हणून पोलिसांची परवानगी काढून पुरुषी कपडे घालायची. ‘घोडेबाजार’ हे तिचं पाच मीटर रुंद चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. प्राणिचित्र म्हणजे उतरंडीत खालचं. तिनं त्याला इतिहासचित्राचा आकार दिला आणि इतिहासचित्राचं कॉम्पोझिशन दिलं. घोड्यांचे पुठ्ठे उजेडात गोल फिरत जातात ते पाहा. १८६५ मध्ये तिला लेजन ऑफ ऑनर हे फ्रेंच सरकारचं मानचिन्ह मिळालं, कलाकार स्त्रीला मिळालेलं पहिलं.

प्रश्न : मी तैलरंगात काम करतो. बुगरोसारखी त्वचा जमावी म्हणून मऊ ब्रशनं तासन्‌तास घोटतो, पण चेहरा सपाट होतो. जुने चित्रकार बिट्युमेन वापरायचे म्हणे, ते वापरू का?

उत्तर : बिट्युमेन अजिबात नको. तो डांबरी तपकिरी रंग लावताना फार देखणा, ऊबदार, पारदर्शक दिसतो, पण पूर्ण वाळतच नाही. वरचे थर आकसतात, मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात, आणि सावल्या काळ्या होत जातात. चित्रकार जेरिकोचं ‘मेदुसाचा तराफा’ त्यामुळेच इतकं काळवंडलं आहे.

सपाटपणाचं कारण मात्र रंगात शोधू नका. तुम्ही घोटायला लागता तेव्हा गालाची वळण्याची जागा ठरलेली नसते, म्हणून ब्रश सगळंच एकसारखं करून टाकतो. महिनाभर तैलरंग बाजूला ठेवा. कोळसा घ्या, एक पांढरा प्लास्टरचा चेहरा घ्या, उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. छायेची कड पक्की होईपर्यंत अर्ध्या टोनाला हात लावू नका. मग तोच चेहरा फक्त पांढरा आणि अंबर (मातकट तपकिरी रंग) घेऊन रंगवा, फटकारे तसेच राहू देत. लांबून बघताना तो गोल दिसला तर मिसळायला घ्या, आणि नाक, गाल, कपाळ यांच्या वळणांच्या दिशेनंच मिसळा. नाही दिसला तर पुन्हा कोळशाकडे. ड्रॉइंगचे फोटो पाठवलेत तर पुढच्या अंकात त्यावर लिहीन.